सिस्टर एकत्र बोलल्या की रुग्णालयाला ऐकावं लागतं

बारावीनंतर मुलीला नर्सिंगला पाठवायचं का, हा विषय निघाला की आपल्या घरांत दोन प्रश्न हमखास येतात. रात्रपाळीला मुलगी सुरक्षित राहील का? आणि एवढी मेहनत करून हातात किती पडेल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांची उत्तरं फक्त नशिबावर सोडायची गरज नाही. या दोन्ही बाबतींत जे काही बदललं, त्यात नर्सेसनी स्वतः उठवलेल्या आवाजाचा मोठा वाटा आहे.

केईएमच्या सिस्टर

27 नोव्हेंबर 1973. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ड्युटी संपवून कपडे बदलायला तळघरात गेलेल्या 25 वर्षांच्या अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. आरोपीला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची, सात वर्षांची. लैंगिक अत्याचाराचा गुन्हा लागलाच नाही.

त्या वेळी मुंबईतल्या नर्सेसनी संप केला. मागण्या दोन होत्या: अरुणा यांची नीट देखभाल व्हावी, आणि आम्हाला काम करण्याजोगी परिस्थिती मिळावी. पुढे 1980च्या दशकात महापालिकेने खाट रिकामी करण्यासाठी अरुणा यांना दुसरीकडे हलवायचं ठरवलं, तेव्हा केईएमच्या सिस्टर पुन्हा उभ्या राहिल्या आणि पालिकेला तो बेत सोडावा लागला.

सिस्टरांच्या पिढ्या बदलल्या, तरी सेवा थांबली नाही. 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरुणा यांच्या दयामरणाच्या याचिकेवर निकाल दिला. त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क याचिका करणाऱ्या लेखिकेचा नसून केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असं न्यायालयाने मानलं. 18 मे 2015 रोजी अरुणा गेल्या. तब्बल 41 वर्षांहून अधिक काळ त्यांना सांभाळणाऱ्या सिस्टर त्यांच्या नात्यातल्या नव्हत्या.

ज्याला स्वतः बोलता येत नाही त्याच्या वतीने बोलणं, आणि ते बोलताना स्वतःच्या कामाच्या जागेचा प्रश्नही मांडणं, हेच नर्सचं नेतृत्व. त्यासाठी मेट्रनच्या खुर्चीवर बसावंच लागतं असं नाही.

आज हातात काय आहे?

1973 साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध वेगळा कायदा नव्हता. आज 2013चा कायदा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक रुग्णालयात अंतर्गत समिती असायलाच हवी. तिची अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी नाही इतक्या सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरची. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची, चौकशी 90 दिवसांत पुरी व्हायची. ट्रेनिंग घेणारी विद्यार्थिनीसुद्धा तक्रार करू शकते. रुग्णालय लहान असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

पगाराचीही लढाई अशीच झाली. भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघटना खासगी रुग्णालयांतल्या तुटपुंज्या पगाराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. 29 जानेवारी 2016च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. समितीने सांगितलं: 200पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी नर्सइतकाच पगार द्या, आणि 50पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना 20,000 रुपयांच्या खाली जाऊ नका. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे. अंमलबजावणी राज्यांवर होती. केरळमध्ये नर्सेसची संघटना रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे 2018मध्ये तिथल्या सरकारने 20,000 रुपयांच्या किमान वेतनाची अधिसूचना काढली. कागद एकच, पण जिथे दबाव होता तिथे तो चालला.

तक्रार कशी मांडायची?

"खूप लोड आहे, मॅडम" असं तोंडी सांगितलं की ते हवेत विरतं. तेच नोंद करून दिलं की वजन येतं. एक साधी वही ठेवायची: तारीख, पाळी, वॉर्डात किती पेशंट, किती सिस्टर, आणि त्यामुळे काय राहिलं. कुणाचं औषध उशिरा गेलं, कुणाची कूस बदलता आली नाही. महिनाभराची नोंद झाली की ती भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांशेजारी ठेवायची: मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डला तीन पेशंटमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाचामागे एक, आयसीयूत एकामागे एक.

मग अर्ज एकटीने नाही, चार-पाच जणींच्या सह्यांनी द्यायचा. आधी इन्चार्ज सिस्टर, मग मेट्रन, मग अधीक्षक. प्रत्येक वेळी पोच घ्यायची. मागणी नेमकी ठेवायची: चेंजिंग रूमला आतून कडी, जिन्यात दिवा, रात्री दोघींची जोडी, उशिरा सुटणाऱ्यांना गाडी. अशा मागण्यांना नाही म्हणणं प्रशासनाला जड जातं. संप हा अगदी शेवटचा मार्ग, आणि तेव्हाही तातडीच्या पेशंटची सोय आधी.

घरच्यांचं काम

मुलीने ड्युटीवरची काही अडचण सांगितली की आपल्या तोंडून पटकन निघतं, "गप्प राहा, नाहीतर नोकरी सोडून घरी ये." यातला पहिला सल्ला त्रास देणाऱ्याला बळ देतो, दुसरा मुलीची चार वर्षांची मेहनत वाया घालवतो. त्याऐवजी अम्मी-अब्बूंनी विचारावं: तुझ्याकडे नेमणूकपत्र आहे का? समितीत कोण कोण आहे, ठाऊक आहे का? सोबतच्या सिस्टर काय म्हणतात? आणि ॲडमिशन घेतानाच कॉलेजला हॉस्टेल, रात्रपाळीची गाडी आणि तक्रार समितीबद्दल स्पष्ट विचारावं.

आपण पेशंटचे नातेवाईक म्हणून वॉर्डात जातो, तेव्हाही हे लक्षात ठेवू या. सिस्टर लवकर आली नाही म्हणून आवाज चढवण्याआधी, या पाळीला इथे किती सिस्टर आहेत, एवढं मोजावं. कमी असतील तर तक्रार तिच्याविरुद्ध नाही, तिच्या बाजूने लिहून द्यावी. पेशंटच्या घरच्यांची सही असलेला असा कागद रुग्णालयाला बाजूला सारता येत नाही.