सर्व्हर बदलला, प्रमाणपत्राचे काय?

भिलाईच्या सिविक सेंटरमधील एखाद्या व्यावसायिकाने स्वतःच्या सर्व्हरवरील संकेतस्थळ नव्या संगणकावर हलवले, असे समजू. सर्व मजकूर सुखरूप पोहोचला. मात्र ग्राहकाच्या मोबाईलवर जोडणी असुरक्षित असल्याचा इशारा झळकू लागला. अशा वेळी ग्राहकाला ‘तरीही पुढे जा’ असे सांगणे हा सर्वांत सोपा, पण सर्वांत घातक उपाय होय.

एचटीटीपीएस प्रमाणपत्र सहसा यंत्राला नव्हे, तर संकेतस्थळाच्या नावाला दिले जाते. त्यामुळे सर्व्हर बदलला म्हणून ते आपोआप रद्द होत नाही. दोष बहुधा स्थलांतरातच राहून गेलेला असतो.

प्रथम डीएनएस नोंद तपासावी. आयपीव्ही४ची नोंद बदलली जाते, पण आयपीव्ही६ची जुन्या सर्व्हरकडेच राहते, असे अनेकदा घडते. त्यानंतर प्रमाणपत्र आणि त्याची खासगी की एकाच जोडीतील आहेत ना, हे पाहावे. तिसरी बाब मधल्या प्रमाणपत्रांच्या साखळीची. ही साखळी सर्व्हरने पाठवली नाही, तरी काही ब्राउझर ती उणीव स्वतःच भरून काढतात. परिणामी मालकाच्या संगणकावर सर्व सुरळीत दिसते आणि ग्राहकाला मात्र इशारा मिळतो. नव्या यंत्राचे घड्याळही बरोबर असावे.

सर्वांत फसवा दोष नूतनीकरणाचा असतो. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या मोफत सेवेची प्रमाणपत्रे प्रदीर्घ काळ ९० दिवसांच्या मुदतीने दिली गेली. जुन्या सर्व्हरवरील स्वयंचलित नूतनीकरणाची व्यवस्था नव्यावर आणली नाही किंवा पडताळणीसाठी लागणारे ८० क्रमांकाचे पोर्ट बंद राहिले, तर चूक काही आठवड्यांनी उघड होते. मुदत संपत असल्याची ई-मेल सूचना देणेही या सेवेने जून २०२५ मध्ये थांबवले. म्हणून स्थलांतराच्या दिवशीच नूतनीकरणाची चाचणी घ्यावी. जुन्या यंत्राची विल्हेवाट लावताना त्यातील खासगी की पुसून टाकावी. ती इतरांच्या हाती गेल्याचा संशय असल्यास प्रमाणपत्र रद्द करून नवे घ्यावे.

या व्यवस्थेतील विश्वास किती नाजूक आहे, याचा अनुभव भारताने घेतला आहे. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. त्यानंतर केंद्राची संबंधित मधली प्रमाणपत्रे रद्द करण्यात आली.

एप्रिल २०२५ मधील निर्णयानुसार प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, तर १५ मार्च २०२९ पासून अवघी ४७ दिवस ठरली आहे. त्यामुळे हाताने नूतनीकरण करणे यापुढे व्यवहार्य राहणार नाही. ब्राउझरचा इशारा ही अडचण नसून सूचना आहे. ग्राहकाला तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय लावली, तर खऱ्या फसवणुकीच्या वेळीही तो पुढेच जाईल.