जन्मतारीख असलेले भूत

मुंज्याचे वय पिंपळाला विचारावे लागते, आणि हडळीच्या जन्माची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. भूत म्हटले की ते पूर्वापार चालत आलेलेच असावयाचे. परंतु अमेरिकेतील ‘स्लेंडर मॅन’ या भुताची जन्मतारीख पक्की ठाऊक आहे : १० जून २००९. त्याचा जन्मदाताही ठाऊक आहे : एरिक नूडसन.

इंटरनेटवर त्या वेळी भुताटकीची बनावट छायाचित्रे करून दाखवण्याची गंमत चालली होती. नूडसनने दोन काळीपांढरी चित्रे सादर केली. चित्रात मुले, आणि मागे ताडमाड उंचीचा, चेहराच नसलेला एक इसम. पण खरी करामत पुढे आहे. चित्राखाली त्याने दोन-चार ओळी लिहिल्या आणि छायाचित्रकार बेपत्ता असल्याचे सुचवले. माझ्या मते भूत जन्मले ते त्या ओळींत, चित्रांत नव्हे. (मराठीच्या मास्तराने दुसरे काय म्हणावे!)

दहाच दिवसांनी ट्रॉय वॅग्नर आणि जोसेफ डिलाज या तरुणांनी यूट्यूबवर ‘मार्बल हॉर्नेट्स’ ही मालिका सुरू केली. एका विद्यार्थ्याने अर्धवट सोडलेल्या चित्रपटाच्या टेपा मित्राच्या हाती येतात आणि तो त्या एकेक करून पाहतो, एवढेच सूत्र. येथे भुताचे नाव ‘ऑपरेटर’. तो जवळ आला की चित्र थरथरते, आवाज खरखरू लागतो. २०१४ पर्यंत मालिका चालली, आणि २०१५ साली जेम्स मोरान यांनी तिच्यावरून ‘ऑलवेज वॉचिंग’ हा चित्रपट केला. जप्त झालेल्या घरांची बातमी करीत हिंडणाऱ्या वार्ताहरांना एका ओसाड घरात टेपांची पेटी सापडते. घरातले कुटुंब नाहीसे झालेले असते.

चित्रपट म्हणून तो बेताचाच आहे. तरी त्यातली एक युक्ती मला फार आवडली. जीव धोक्यात असताना हा शहाणा कॅमेरा का धरून बसला आहे, अशी शंका १९९९ च्या ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’पासून अशा चित्रपटांचे प्रेक्षक घेत आले आहेत. येथे तिला उत्तर आहे. ऑपरेटर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्यातूनच दिसतो. कॅमेरा खाली ठेवावा तर तो कोठे आहे ते कळत नाही. उचलावा तर पाहावे लागते!

आजीच्या गोष्टीत भूत कितीही भयंकर असो, सांगणारी आजी शेजारी असते. तिचा पदर धरता येतो, आणि ‘खरेच का गं?’ असे विचारताही येते. सापडलेल्या चित्रफितीत सांगणाराच नाहीसा झालेला असतो. ‘बाळ, ही नुसती गोष्ट आहे’ असे म्हणावयास तेथे कुणीच उरत नाही.

आणि हे म्हणणारे कुणी असावयास हवे होते. विस्कॉन्सिन राज्यातील वॉकशा गावी ३१ मे २०१४ रोजी १२ वर्षांच्या दोन मुलींनी आपल्याच वयाच्या मैत्रिणीला रानात नेऊन तिच्यावर चाकूचे १९ वार केले. स्लेंडर मॅनची मर्जी संपादावी, नाही तर तो घरच्यांचा जीव घेईल, अशी त्यांची समजूत होती. वार करून त्या त्याचा वाडा शोधावयास पायीच निघाल्या. जखमी मुलगी सरपटत रस्त्याकडेला पोहोचली, एका सायकलस्वाराला दिसली आणि वाचली. हल्ला करणाऱ्या दोघींचा मानसिक आजार न्यायालयाने मान्य केला व त्यांना मनोरुग्णालयात पाठवले. तेव्हा सारा दोष गोष्टीवर ढकलणे बरोबर नाही. पण ज्या इंटरनेटवर त्यांना ते भूत भेटले, तेथेच त्याची जन्मतारीखही होती, हे विसरवत नाही.

पुढे २०१८ साली ‘स्लेंडर मॅन’ याच नावाचा मोठा चित्रपट निघाला. मिलवॉकी आणि वॉकशा परगण्यांतील आपल्या चित्रपटगृहांत मार्कस थिएटर्सने तो लावला नाही.