लेखांक ६ : ‘निकाल लागल्यावर’ ढकललेले दिवस

मागील लेखांकात उदासी आणि नैराश्य यांतील फरक पाहिला. मन सतत खिन्न राहणे किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस जाणे, यांपैकी एक तरी लक्षण दिवसाचा बहुतेक वेळ जाणवत किमान दोन आठवडे टिकले आणि जोडीने झोप, भूक, एकाग्रता व उमेदही ढासळू लागली, तर त्या अवस्थेला नैराश्य म्हणतात. ही अवस्था घडते कशी, हे समजून घेण्यासाठी या लेखांकात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणांचे जीवन विचारात घेतले आहे.

पुण्यातील सदाशिव पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्ता या परिसरात राज्याच्या सर्व भागांतून आलेली मुले-मुली कॉट बेसिसवर राहतात, मेसचे जेवतात आणि दिवसाचे दहा-बारा तास अभ्यासिकेत काढतात. पूर्व, मुख्य आणि मुलाखत असे टप्पे असलेल्या राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा सर्वसाधारणपणे ३८ वर्षे असल्यामुळे बाविसाव्या वर्षी सुरू झालेली तयारी कोठे थांबवावी, याचे उत्तर परीक्षेच्या रचनेतून मिळत नाही. ते ज्याचे त्यालाच शोधावे लागते. दरम्यान मावसबहिणीचे लग्न, गावची जत्रा, संध्याकाळचे क्रिकेट, जुन्या मित्राची भेट, सारे काही ‘पोस्ट निघाल्यावर’, म्हणजे निवड झाल्यावर, या एका वायद्यावर पुढे ढकलले जाते.

हा वायदाच घातक ठरतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लुइन्सन यांनी १९७०च्या दशकात मांडलेल्या उपपत्तीनुसार माणसाच्या वागण्याला परिसरातून मिळणारा सुखद प्रतिसाद, म्हणजे कोणाचे हसून बोलणे, जमलेल्या कामाचे समाधान, खेळानंतरचा हलकेपणा, आटत गेला की मन खिन्न होते. खिन्न मन आणखी आक्रसते, आणि आक्रसल्यामुळे उरलासुरला प्रतिसादही बंद होतो. त्यागाच्या भावनेने सोडलेल्या या लहान गोष्टी अभ्यासाच्या आड येणाऱ्या चैनी मानल्या जातात. वस्तुतः मनाचा रोजचा शिधा तोच असतो.

एकटेपणाचे स्वरूपही येथे नीट ओळखले पाहिजे. रॉबर्ट वाइस यांनी १९७३मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार सांगितले : समूहात स्थान नसल्याने येणारा सामाजिक एकटेपणा आणि एकही जिव्हाळ्याचे माणूस जवळ नसल्याने येणारा भावनिक एकटेपणा. भरलेल्या अभ्यासिकेत पहिला दिसत नाही म्हणून दुसरा लक्षात येत नाही. दोन-अडीच फुटांचे टेबल, दोन्ही बाजूंना प्लायवूडच्या फळ्या, समोर चिकटवलेले वेळापत्रक आणि बाजूला ठेवलेला मोबाईल. तो थरथरतो, पडद्यावर ‘आई’ उमटते, ‘लेक्चर चालू आहे, नंतर करतो’ असा संदेश जातो, आणि यंदा तरी होईल ना, या प्रश्नाच्या धास्तीने ते ‘नंतर’ कधी येत नाही.

आत्मविश्वासाचेही असेच आहे. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७मध्ये मांडलेल्या स्वक्षमतेच्या संकल्पनेनुसार, म्हणजे ‘हे काम मला जमेल’ या विश्वासाच्या विवेचनानुसार, स्वतः केलेल्या आणि जमलेल्या कामाचा अनुभव हा त्याचा सर्वांत बळकट आधार असून दुसऱ्याने दिलेला धीर तुलनेने दुबळा असतो. यशस्वी अधिकाऱ्याच्या भाषणाने पेटलेले मन आठवडाभरात विझते, हा त्या मुलाचा दोष नव्हे. आधारच तेवढा आहे.

नैराश्याचे हे चक्र तोडणाऱ्या एका उपचारपद्धतीला वर्तन-सक्रियण म्हणता येईल. बरे वाटले की उठू, हा क्रम तिच्यात उलटा केला जातो : आधी उठायचे, वाटणे मागाहून येते. आठवडाभर कोणत्या तासाला काय केले आणि तेव्हा मन कसे होते याची वहीत नोंद ठेवायची, मन किंचित हलके झालेल्या जागा हेरायच्या आणि तशी कामे ठरलेल्या वेळी, मनाची परवानगी न घेता, करायची. काम मात्र खरोखर लहान हवे. ‘उद्यापासून पहाटे पाचला उठून पळणार’ हा संकल्प मोडतो आणि अपयशाच्या यादीत एकाची भर पडते. मेसवरून परतताना पर्वतीच्या पायथ्यापर्यंत चालणे किंवा रविवारी सकाळी दहा मिनिटे घरी बोलणे जमते.

नैराश्य तीव्र असेल तर मात्र वही-पेनाचा हा उपाय एकट्याने करत बसू नये. जगणे नकोसे वाटू लागल्यास त्याच दिवशी मदत घ्यावी. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू केलेल्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे मराठीत बोलता येते. अशा अवस्थेत फोन उचलण्याचेही बळ पुष्कळदा उरत नाही, म्हणून पहिले पाऊल बहुधा दुसऱ्यालाच टाकावे लागते. शेजारचे टेबल दोन दिवस रिकामे दिसले, तर खोलीवर जाऊन दार वाजवावे, आणि सिलॅबस कुठवर आला हे न विचारता, जेवलास का, एवढेच विचारावे.