परसबागेची भूमिपरीक्षा

सुश्रुतसंहितेच्या भूमिप्रविभागीय अध्यायात औषधीग्रहणासाठी ऊषर भूमी वर्ज्य मानली आहे. रुग्णांना पथ्यासाठी घरचा दुधी, पडवळ सुचविणाऱ्या आम्हांस हा अध्याय आठवला, तो परसातील डाळिंब गेल्यावर!

वाशिमच्या काळ्या मातीचा दोष कसाचा नव्हे, निचऱ्याचा आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नुसता खड्डा खणून रोप लावले की श्रावणात त्या खड्ड्याचा हौद होतो व मुळे कुजतात. आम्ही नेमके हेच केले होते. आता वीतभर उंच वाफे करून त्यांत भरपूर कुजलेले शेणखत मिसळतो. मूठभर वाळूने काही साधत नाही. ताजे शेण तर नकोच. त्याने हुमणी येते.

बोअरच्या पाण्याने वाफ्यावर पांढरा थर धरला, लिंबाची कोवळी पाने पिवळी पडून शिराच हिरव्या उरल्या, तर खत वाढवू नये. क्षाराचा वा चुनखडीचा संशय घेऊन माती व पाणी तपासून घ्यावे. रिसोड तालुक्यातील करड्याच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेता येतो. पत्र्यावरून पडणारे आंतरिक्ष जल पिंपात साठवावे, मात्र पहिल्या पावसाचे वाहू द्यावे. अडुळसा, गुळवेल लावणाऱ्या औषधालयचालकांनाही हीच परीक्षा लागू आहे.