बोटीने अर्ध्या अमेरिकेला प्रदक्षिणा! पण रात्री थांबायचं कुठे? एका मुक्कामावर ठरतं 250 मैलांचं गणित

स्वतःच्या छोट्या बोटीतून अर्ध्या अमेरिकेला प्रदक्षिणा घालता येते, हे तुम्हाला माहीत आहे का? या जलमार्गाला 'ग्रेट लूप' म्हणतात.

शिकागोहून निघायचं, इलिनॉय नदीतून मिसिसिपीत यायचं, पुढे नद्या आणि कालव्यांतून मेक्सिकोचं आखात गाठायचं. मग फ्लोरिडाला वळसा घालून अटलांटिकच्या किनाऱ्याने न्यूयॉर्क, तिथून हडसन नदी, कालवे, ग्रेट लेक्स आणि परत शिकागो. अंतर साधारण 6,000 मैल, म्हणजे जवळपास 9,600 किलोमीटर. बरेच जण यासाठी वर्षभराचा वेळ काढतात.

वर्षभर बोटीत राहायचं म्हणजे रोज संध्याकाळी एकच प्रश्न असतो. आजचा मुक्काम कुठे?

रात्री थांबावंच लागतं का?

समुद्रात काही जण रात्रभर बोट चालवतातही. नदीत मात्र ते जिवावर बेतू शकतं. मिसिसिपीतून पुरासोबत आलेले मोठमोठे ओंडके वाहत असतात आणि अंधारात ते दिसत नाहीत. शिवाय मालवाहू बार्जचे ताफे रात्रंदिवस सुरू असतात. सेंट लुईसच्या खाली एकच टगबोट कधी कधी 30 किंवा त्याहून जास्त बार्ज ढकलत नेते. एवढा ताफा समोर छोटी बोट दिसली म्हणून पटकन थांबू शकत नाही. म्हणून अंधार पडायच्या आत प्रवाहाबाहेर जाऊन थांबणं हाच शहाणपणा.

मरीनात एका रात्रीत काय काय होतं?

मरीना म्हणजे खासगी बोटींचा तळ. आपल्या भाषेत सांगायचं तर पार्किंग, पेट्रोल पंप आणि लॉज एकाच ठिकाणी.

जागा आहे का, हे आधी फोनवर किंवा रेडिओवर विचारायचं. बोट किती लांब, किती रुंद आणि पाण्याखाली किती खोल आहे, हे सांगितलं की त्यानुसार जागा मिळते. भाडं बहुधा बोटीच्या लांबीवर असतं. समजा दर फुटाला 2 डॉलर असेल, तर 40 फुटी बोटीचे एका रात्रीचे 80 डॉलर होतात.

बोट दोरांनी नीट बांधली की धक्क्यावरच्या खांबाला जाड केबल जोडून वीज घ्यायची. मग पाण्याची टाकी भरायची, डिझेल घ्यायचं आणि शौचालयाची टाकी पंपाने रिकामी करून घ्यायची. हे शेवटचं काम टाळता येत नाही, कारण तिथल्या नद्यांमध्ये आणि किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांपर्यंत प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायला बंदी आहे.

कपडे धुणं, किराणा आणणं, गरम पाण्याने अंघोळ हे सगळं याच रात्री उरकायचं. शेजारच्या बोटवाल्यांशी गप्पा मारता मारता पुढच्या वाटेची खबरही मिळते.

एक मुक्काम बंद झाला तर?

सेंट लुईसच्या खाली, मिझुरीतल्या किमस्विक गावाजवळ 'हॉपीज' नावाचा साधासा तळ होता. नदीकाठाला बांधलेले जुने बार्ज, एवढाच त्याचा थाट. तरीही ग्रेट लूप करणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक होता. तिथे डिझेल मिळायचं आणि पुढे नदी कशी आहे, हे मालक मंडळी संध्याकाळी समजावून सांगायची.

अलीकडच्या वर्षांत हा तळ बंद झाला. आता इलिनॉयमधल्या ऑल्टनला टाकी भरली की पुढचं भरवशाचं इंधन थेट केंटकीतल्या पदुका शहरात. म्हणजे मध्ये साधारण 250 मैल काहीच नाही!

यातले सुमारे 200 मैल मिसिसिपीच्या प्रवाहाबरोबर जायचं असल्याने इंधन वाचतं. पण कैरो गावापाशी बोट ओहायो नदीत वळते आणि शेवटचे 47 मैल प्रवाहाविरुद्ध जावे लागतात. टाकी तळाला आलेली असताना इंजिनला सर्वात जास्त जोर इथेच लावावा लागतो. म्हणून छोट्या टाकीच्या बोटवाल्यांना निघण्याआधी जास्तीचे कॅन भरून घ्यावे लागतात किंवा वेग कमी ठेवावा लागतो.

मधल्या रात्री मग कास्कास्किया नदीवरच्या जलपाशाच्या भिंतीला बोट बांधून किंवा एखाद्या उपप्रवाहात नांगर टाकून काढायच्या. तिथे झोपायला जागा मिळते, पण डिझेल आणि वीज नाही.

तुम्हाला कधी जायचं असेल तर

नकाशावर आधी प्रेक्षणीय स्थळं न शोधता इंधनाचे थांबे शोधा. त्यातल्या सर्वात लांब टप्प्याला लागेल एवढं इंधन आणि वर भरपूर शिल्लक राहील, एवढी तुमची टाकी आहे का, हे तपासा. आणि निघायच्या आदल्या दिवशी पुढच्या मरीनाला फोन नक्की करा. जुन्या नकाशावर दिसणारा तळ आज तिथे असेलच असं नाही.