ब्लॅक बेल्ट हा शिकवण्याचा परवाना नव्हे

"सर ब्लॅक बेल्ट आहेत ना, मग झालं तर!" कोलकात्यात हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की आता ते ऐकलं की चिडचिड होते. रवींद्र सरोवराच्या काठी, विवेकानंद पार्कात, सॉल्ट लेकमधल्या सोसायट्यांच्या हॉलमध्ये, शाळा सुटल्यावर शाळांच्याच पटांगणात कराटे, ज्युदो, आयकिदोचे वर्ग चालतात. आईवडील फी विचारतात, वेळ विचारतात, ड्रेस कुठे मिळतो तेही विचारतात. पण सरांनी शिकवायचं कसं हे कुणाकडून शिकून घेतलं, हे विचारणारा विरळाच. पुण्यामुंबईचे नातेवाईक सांगतात, तिकडेही हेच. म्हणून हा एक गैरसमज आज नीट उलगडून ठेवतो.

ब्लॅक बेल्ट म्हणजे नेमकं काय, तिथून सुरुवात करू. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली आणि 1883 मध्ये आपल्या दोन शिष्यांना पहिल्यांदा 'शोदान' म्हणजे पहिली श्रेणी दिली. कमरेला काळा पट्टा बांधायची पद्धत त्यानंतर आली. कराटेत ही श्रेणीपद्धत ज्युदोवरूनच आली. गिचिन फुनाकोशी यांनी 1924 मध्ये आपल्या काही विद्यार्थ्यांना पहिल्या दान-श्रेणी, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या श्रेणी, दिल्या. शोदानचा अर्थ एवढाच की विद्यार्थ्याचा पाया पक्का झाला, आता तो खरं शिकायला तयार आहे. जपानमध्ये नेटाने सराव करणारी शाळा-कॉलेजांतली मुलं दोन-तीन वर्षांत इथवर पोहोचतात आणि त्याचं कुणाला अप्रूप वाटत नाही. आपल्याकडे मात्र तोच पट्टा शिक्षणाचा शेवट ठरतो आणि दुसऱ्याच दिवशी क्लासची पाटी लागते.

दान-श्रेणी माणसाचं स्वतःचं कौशल्य मोजते. समोरच्या नऊ वर्षांच्या मुलाला ते कौशल्य इजा न होता, क्रमाने, त्याच्या अंगकाठीला झेपेल अशा बेताने देता येतं का, हे ती मोजत नाही. उत्तम गाणारा प्रत्येक जण गाणं शिकवू शकत नाही, हे आपण सहज मान्य करतो. पट्ट्याचा रंग दिसला की तीच समज कुठे जाते, कळत नाही.

"पण जपानमध्ये तर ब्लॅक बेल्टवाले सेन्सेई, म्हणजे गुरूच, शिकवतात," असं कुणी म्हणालं तर त्यांना जपानचीच गोष्ट सांगावी लागते. र्यो उचिदा या समाजशास्त्रज्ञाने तिथल्या शालेय अपघातांच्या नोंदी तपासल्या. 1983 ते 2011 या काळात शाळांमध्ये ज्युदो शिकताना 118 मुलांचा मृत्यू झाल्याचं त्यातून पुढे आलं. बळी पडलेल्यांत नवशिक्या मुलांचं प्रमाण मोठं होतं आणि कारण बहुतांशी डोक्याचा मार. ही आकडेवारी बाहेर आली तेव्हा 2012 पासून माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या होणार होत्या. थोड्या दिवसांची शिबिरं करून ब्लॅक बेल्ट मिळवलेले पी. टी.चे शिक्षक मुलांना ज्युदो शिकवणार, यावर पालकांनी रान उठवलं. अखेर 2013 मध्ये अखिल जपान ज्युदो महासंघाने प्रशिक्षकांसाठी वेगळी पात्रता-पद्धत लागू केली. तिचे ए, बी, सी असे वर्ग आहेत. ज्या देशात ज्युदो जन्मला, त्या देशाने इतकी मुलं गमावल्यावर कबूल केलं की श्रेणी वेगळी आणि शिकवण्याची पात्रता वेगळी. यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा?

बाकीच्या संस्थांतही हा फरक आहेच. शोतोकान कराटेची जपान कराटे असोसिएशन दान-श्रेणीखेरीज प्रशिक्षक, परीक्षक आणि पंच अशा तीन वेगळ्या पात्रता देते. तिने 1950 च्या दशकात पूर्णवेळ प्रशिक्षक घडवण्याचा अभ्यासक्रम सुरू केला आणि हिरोकाझू कानाझावा त्याच्या पहिल्या तुकडीत होते. आयकिदोची आयकिकाई संस्था परदेशातल्या शिक्षकांना फुकुशिदोइन, शिदोइन, शिहान अशी पदं देते. ती दान-श्रेणीहून निराळी. फ्रान्समध्ये 1955 च्या कायद्यापासून पैसे घेऊन ज्युदो शिकवायला सरकारी पदविका लागते. आपल्याकडे ज्युदोसाठी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची, म्हणजे एनआयएसची, प्रशिक्षक-पदविका आहे. ही संस्था 1961 पासून प्रशिक्षक घडवते आहे. तेव्हा "एनआयएस केलंय का?" हा प्रश्न ज्युदोच्या सरांना विचारायला लाजू नका.

हा फरक मॅटवर कसा दिसतो, तेही सांगतो. 'ओसोतो-गारी' हा ज्युदोतला अगदी सुरुवातीला शिकवला जाणारा डाव. समोरच्याचा तोल मागे न्यायचा आणि त्याचा पाय मागून झाडायचा. पडणारा थेट पाठीवर जातो. त्याने हनुवटी छातीला लावली नाही तर डोक्याची मागची बाजू जमिनीवर आपटते. मुलांच्या जीवघेण्या अपघातांत या डावाचं नाव वारंवार येतं. शिकवायला शिकलेला माणूस हा डाव दाखवण्याआधी कित्येक तास नुसतं पडायला शिकवतो: आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्याने, हनुवटी आत, हात जमिनीवर थापटून. जोडी लावताना तो वजन आणि उंची बघतो. आणि टाकणाऱ्या मुलाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतो, की जोडीदाराची बाही शेवटपर्यंत सोडायची नाही, ती वर ओढून धरायची. त्या एका हाताच्या ओढीमुळे पडणाऱ्याचं डोकं जमिनीपासून वर राहतं. फक्त ब्लॅक बेल्ट असलेला पहिल्याच आठवड्यात डाव दाखवतो, कारण डाव बघून पालक खूश होतात. मार लागून मूल गरगरल्याची तक्रार करत असेल तर त्या दिवशी सराव तिथेच थांबवायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं. "काही होत नाही, ऊठ!" म्हणणाऱ्या सरांचा पट्टा कितीही काळा असो, मूल त्यांच्या हाती देऊ नये.

याला जोडूनच दुसरा गैरसमज येतो: जपानी माणूस किंवा जपानहून शिकून आलेला माणूस असला की प्रश्न मिटला. याचं उत्तर बंगालच्याच इतिहासात आहे. रवींद्रनाथांनी 1905 मध्ये जिन्नोसुके सानो यांना शांतिनिकेतनात ज्युदो शिकवायला आणलं. हे गृहस्थ नुसते पहिलवान नव्हते. त्यांनी बंगाली आत्मसात केली आणि पुढे रवींद्रनाथांची 'गोरा' कादंबरी जपानीत नेली. त्यानंतर 1929 मध्ये कोदोकानमध्ये तयार झालेले शिंझो ताकागाकी आले. मुलांबरोबर मुलीही त्यांच्याकडे शिकल्या. अमर्त्य सेन यांच्या आई अमिता सेन शांतिनिकेतनात ज्युदो शिकल्या होत्या, हे सेन यांनी आत्मचरित्रात नोंदवलं आहे. 1931 मध्ये कोलकात्याच्या न्यू एम्पायर थिएटरात प्रात्यक्षिकं झाली. त्यासाठी रवींद्रनाथांनी खास गाणं रचलं, ते बंगालात आजही गातात. महापालिकेने ताकागाकींना ठेवून घ्यावं म्हणून रवींद्रनाथांनी खटपट केली, पण ती फळाला आली नाही. ताकागाकी गेले. शिक्षक अव्वल दर्जाचा, विद्यार्थी उत्साही, पाठीशी साक्षात रवींद्रनाथ, तरी राहिलेल्यांतून शिक्षक घडवायची सोय नव्हती. जपानहून आलेला गुरू ही मोठीच गोष्ट, पण तो गेल्यावर उद्या वर्ग कोण घेणार, याचं उत्तर इथेच तयार करावं लागतं.

आज 'जपान रिटर्न' म्हणजे काय, तेही तपासून बघा. वर्षानुवर्षं तिथे राहून रोज सराव केलेले शिक्षक आहेत आणि त्यांना मान द्यायलाच हवा. पण आठवड्याचं शिबिर, एक फोटो आणि एक प्रमाणपत्र घेऊन परतलेलेही आहेत. किती काळ, कोणत्या दोजोत (सरावशाळेत), कुणाच्या हाताखाली, हे तीन प्रश्न पुरतात. जो खरंच शिकला, तो हे आनंदाने सांगतो. उलट, कधीही जपानला न गेलेला पण वीस वर्षं मुलांना नीट पडायला शिकवणारा शिक्षक माझ्या दृष्टीने केव्हाही सरस.

भिंतीवरच्या प्रमाणपत्राचंही तसंच. क्योकुशिन कराटेचे संस्थापक मासुतात्सु ओयामा 1994 मध्ये वारले आणि त्यांची संघटना अनेक तुकड्यांत फुटली. आज 'क्योकुशिन' छापलेलं प्रमाणपत्र त्यांतल्या कुठल्याही गटाचं असू शकतं. प्रत्येक गट वाईट आहे असं नाही, पण कुठला, ते विचारायला हवं. कराटे असोसिएशन ऑफ इंडियाची मान्यता जागतिक कराटे महासंघाने 2020 मध्ये काढून घेतली. म्हणजे 'मान्यताप्राप्त' हा शब्द कुणाच्या मान्यतेचा आणि कोणत्या वर्षीचा, तेही बघावं लागतं. 'आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक' खासगी संघटनेच्या स्पर्धेतलंही असू शकतं. कराटे ऑलिंपिकमध्ये आजवर टोकियोत, 2021 मध्ये, तेवढं एकदाच होतं.

आता किरकोळ गैरसमज.

ब्लॅक बेल्ट मिळाला की हातांची पोलिसांत नोंद करावी लागते: भारतात असा कायदा नाही.

रंगीत पट्टे ही प्राचीन जपानी परंपरा: नाही. पिवळा, नारिंगी, हिरवा अशी उतरंड रूढ केली ती 1930 च्या दशकात पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांनी.

सात-आठ वर्षांच्या मुलाला ब्लॅक बेल्ट मिळाला म्हणजे तो असामान्य: कोदोकानच्या नियमांत शोदानसाठी किमान वय 14 आहे. मुलाचं कौतुक जरूर करा, पण परीक्षा-फीच्या पावत्याही एकदा मोजा.

कराटे बोधिधर्माने भारतातून नेलं, म्हणून ते मुळात आपलंच: हे ऐकायला गोड वाटतं. बोधिधर्म पाचव्या-सहाव्या शतकातला. शाओलिनच्या व्यायामाशी त्याचं नाव जोडणारा 'यीजिन जिंग' हा ग्रंथ सतराव्या शतकातला, आणि त्याची जुनी म्हणवणारी प्रस्तावना बनावट आहे, हे तांग हाओ या चिनी संशोधकाने 1930 च्या दशकातच दाखवलं. कराटे घडलं ओकिनावात, स्थानिक आणि चिनी विद्यांच्या मेळातून. फुनाकोशींनी ते 1922 मध्ये टोकियोत दाखवलं तेव्हा ते जपानच्या मुख्य भूमीवर नवंच होतं.

हे फुनाकोशी पेशाने शाळामास्तर होते. आणि कानो टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे कित्येक वर्षं प्राचार्य होते. शिक्षक घडवणं हाच त्यांचा व्यवसाय. या दोघांनी या विद्या अंगणातून शाळेत आणल्या, कारण एखादी गोष्ट पायरीपायरीने कशी शिकवायची हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचे फोटो दोजोत लावून, हार घालून, नेमकी हीच बाजू आपण सोडून देतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून कोलकात्यातल्या असोत की कोल्हापुरातल्या, आईवडिलांना एवढीच विनंती. नाव घालण्याआधी सरांना विचारा: शिकवायचं प्रशिक्षण कुठे घेतलं, हाताखाली किती वर्षं मदतनीस म्हणून काम केलं, प्रथमोपचार येतात का, कुणाच्या डोक्याला मार लागला तर काय करता. मग एक पूर्ण तास कडेला बसून वर्ग बघू द्या म्हणा. बघू दिला नाही, तर मुलाला तिथे घालू नका.