कॅज्युअल्टीतली गर्दी दारात दिसते, पण अडकते वॉर्डात

हिंगोली : फवारणी करताना चक्कर आलेला शेतकरी, तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन आलेली आई, टाके काढायला आलेला पोरगा आणि छातीत कळ आलेले आजोबा. सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात, म्हणजे कॅज्युअल्टीत, रात्री हे सगळे एकाच दारात उभे असतात. डॉक्टर एक-दोनच. मग 'आम्ही आधी आलो, त्यांना का घेतलं?' यावरून वाद होतो. ही गर्दी का होते आणि कमी कशी करता येईल, ते समजून घेऊ.

नांदेडची ती रात्र

आपल्या जिल्ह्यातले बरेच गंभीर रुग्ण पुढं नांदेडला, विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले जातात. तिथं ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ दरम्यान २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून याची दखल घेतली. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून अत्यवस्थ रुग्ण शेवटच्या घडीला येतात, असं रुग्णालयाचं म्हणणं होतं. खाटांपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण आणि अपुरे कर्मचारी, हेही तेव्हा पुढं आलं. गर्दी म्हणजे फक्त ताटकळणं नाही, ती जीवावर बेतू शकते.

गर्दी तीन ठिकाणी तयार होते

पहिलं, दारात. साधा ताप, खोकला, ड्रेसिंग यासाठीही लोक थेट मोठ्या दवाखान्यात येतात. यात लोकांचाच दोष आहे असं नाही. दिवसभर रोजगार बुडवता येत नाही आणि गावाजवळ संध्याकाळी डॉक्टर भेटेलच याची खात्री नसते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. गरिबाला मोठा आधार मिळाला, पण तेवढी डॉक्टर-सिस्टरची संख्याही वाढायला हवी.

दुसरं, तपासणीत. रक्ताचा रिपोर्ट, एक्स-रे, वरच्या डॉक्टरांचा निर्णय, यात वेळ जातो. तोवर रुग्ण स्ट्रेचरवरच.

तिसरं, वॉर्डात. हे कुणाच्या लक्षात येत नाही. भरती करायला वर खाट रिकामी नसली, की रुग्ण खाली कॅज्युअल्टीतच राहतो आणि नव्या रुग्णाला जागा उरत नाही. पाट तुंबला की पाणी मागं साचतं, तसंच हे.

दवाखान्यानं काय करावं?

आल्या आल्या अनुभवी सिस्टर किंवा डॉक्टरनं प्रत्येकाला बघून तीन गट करावेत. लाल म्हणजे लगेच, पिवळा म्हणजे थोडं थांबू शकतो, हिरवा म्हणजे थांबला तरी धोका नाही. नंबर केसपेपरवर नाही, तब्येतीवर लागतो. हा नियम दारावर मराठीत मोठ्या अक्षरात लावला, तर निम्मे वाद मिटतील. हिरव्या गटासाठी संध्याकाळी वेगळी ओपीडी हवी. बरे झालेल्यांना दुपारची वाट न बघता सकाळीच सुट्टी द्यावी. आणि रुग्ण पुढं पाठवण्याआधी तिथं फोन करून खाट आहे का, हे विचारून घ्यावं.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. त्यातून डॉक्टर वाढतील, पण ते एका दिवसात होणार नाही.

आपण काय करायचं?

• छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, झटके, जास्त रक्तस्राव, बेशुद्धी : लगेच १०८ ला फोन करा. लकव्यात गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. 'सकाळी बघू' म्हणू नका.

• साप चावला : बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. हात-पाय न हलवता जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. लस तिथं मिळाली, तर पुढच्या प्रवासातला धोका कमी होतो.

• फवारणीची बाधा : कपडे काढून अंग साबणानं धुवा. उलटी करायला लावू नका. औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या.

• गरोदर बाई, नवजात बाळ : १०२ ची गाडी मागवा. आशाताईला आधीच सांगून ठेवा.

• साधा सर्दी-ताप, बीपी-शुगरच्या गोळ्या, ड्रेसिंग : आधी उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. कुठं जायचं कळत नसेल तर १०४ वर विचारा. पण तापानं लेकरू सुस्त पडलं, दूध पिणं सोडलं, तर थांबू नका.

• एका रुग्णासोबत एकच नातेवाईक आत जावा. जुने कागद, चालू गोळ्या आणि आधार कार्ड जवळ ठेवा.

आणि गावचं केंद्र रात्री बंद असेल तर गप्प बसू नका. तारीख-वेळ लिहून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा, ग्रामसभेत विषय मांडा. गावातला दवाखाना रात्री उघडा राहिला, तरच हिंगोलीच्या कॅज्युअल्टीत त्या आजोबांना वेळेवर खाट मिळेल.